शेजारधर्म : निवडणारा कोण?



ताजियतीला गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "तकदीरमध्ये तेवढंच लिहिलं होतं." दुसरं जरा हळू आवाजात, "वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर..." दोन्ही बोलणारी माणसं एकाच सतरंजीवर बसलेली असतात आणि कुणालाच त्यात काही विसंगत वाटत नाही. पण जिचं मूल गेलं, ती दोन्ही ऐकत असते. पहिलं वाक्य तिला धीर देतं आणि तिचे हातही बांधून टाकतं. दुसरं वाक्य सगळं तिच्या हातात देतं, दोषसुद्धा.

आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या धर्मात याच पेचावर पंधराशे वर्षांहून जास्त काळ वाद चालला आहे. तिथे प्रश्न दुनियेतल्या मरणाचा नाही, आखिरतचा आहे. माणसाची नजात होते ती देवाने त्याला आधीच निवडलं म्हणून, की त्याने स्वतः इमानाचा रस्ता निवडला म्हणून?

आधी दोन-तीन शब्द समजून घेऊ. नजातला मराठी ख्रिस्ती लोक 'तारण' म्हणतात. (बँकेत सोनं ठेवतो ते तारण वेगळं. हे तारण म्हणजे तारून नेणं.) देवाच्या रहमतला ते 'कृपा' म्हणतात. आपण हजरत ईसा (अलै.) यांना पैगंबर मानतो. ते त्यांना देवपुत्र आणि तारणारा मानतात, आणि त्यांच्या वधस्तंभावरच्या मरणाने माणसांच्या पापांची भरपाई झाली अशी त्यांची श्रद्धा आहे. शिवाय पश्चिमेकडच्या ख्रिस्ती परंपरेत आदम (अलै.) यांच्या चुकीचा डाग प्रत्येक मुलाला जन्मतःच लागलेला असतो. आपल्याकडे मूल मासूम जन्मतं. हे फरक फार मोठे आहेत आणि त्यांची चर्चा आज करायची नाही, पण ते लक्षात ठेवल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वादाची सुरुवात पाचव्या शतकातली. आजच्या अल्जीरियात अन्नाबा नावाचं शहर आहे, तेव्हाचं हिप्पो. तिथले बिशप ऑगस्टिन (354 ते 430) म्हणत की माणसाची इच्छाच आजारी आहे, देवाने कृपा केल्याशिवाय ती चांगल्याकडे वळूच शकत नाही. त्यांच्या विरुद्ध बाजूला ब्रिटनहून रोमला आलेले पेलेजियस नावाचे कडक राहणीचे साधक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. देवाने हुकूम दिला आहे म्हणजे तो पाळण्याची ताकदही माणसाला दिलेली असणार. शिक्षिका म्हणून मला हे पटकन पटतं, कारण शिकवलंच नाही ते पेपरात विचारू नये, हे आम्ही बी.एड.ला पहिल्या आठवड्यात शिकतो. पण ऑगस्टिन यांनी स्वतःच्या तरुणपणी वाईट सवयींशी झगडा केला होता, आणि नुसतं ठरवून माणूस सुटत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. घरात कुणी व्यसनी असेल तर ऑगस्टिन यांचं म्हणणं जास्त कळतं. 418 साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजियस यांची शिकवण चुकीची ठरवली.

पुढचं हजार वर्षांचं अंतर झटपट ओलांडू. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ उभी राहिली. मार्टिन ल्यूथर आणि इरॅस्मस यांची याच विषयावर पुस्तकांतून खडाजंगी झाली. जिनिव्हात जॉन कॅल्व्हिन यांनी ही शिकवण टोकापर्यंत नेली: कोणाचं तारण व्हायचं आणि कोणाचं नाही, हे देवाने जग निर्माण करण्याआधीच ठरवलं आहे. त्यांच्या शिष्यपरंपरेला इथून पुढे आपण कॅल्व्हिनवादी म्हणू.

खरी गोष्ट पुढे हॉलंडमध्ये घडली, आणि मला ती सविस्तर सांगायची आहे.

याकोबस आर्मिनियस हे औडेवाटर या लहान डच गावचे. वडील लहानपणीच वारले. 1575 साली स्पेनच्या फौजेने त्या गावात कत्तल केली. याकोबस तेव्हा शिक्षणासाठी जर्मनीत होते म्हणून वाचले. आई आणि भावंडं मारली गेली. इतरांच्या मदतीने हा मुलगा शिकला, जिनिव्हाला कॅल्व्हिन यांचे वारसदार बेझा यांच्या हाताखाली बसला, आणि 1588 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला. तिथे पंधरा वर्षं. 1602 मध्ये शहरात प्लेग आला तेव्हा ते आजाऱ्यांच्या घरी जात राहिले.

अशा घरात मरणाच्या दारात पडलेला माणूस धर्मोपदेशकाला एकच गोष्ट विचारतो: माझं काय होणार? निवड जर कायमची आधीच झालेली असेल, तर 'मी त्यात आहे का' हे कसं कळायचं? मनात विश्वास आहे, पण आज ताप आहे, भीती आहे, देव जवळ वाटत नाही. म्हणजे मी निवडलेला नाही का? हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. आर्मिनियस यांच्यासारख्यांना तो खाटेशेजारी बसून ऐकावा लागत होता.

1603 मध्ये ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे आधीपासून फ्रान्सिस्कस गोमारस शिकवत होते, पक्के कॅल्व्हिनवादी. दोघांत जुंपली. दोघांच्या हातात ग्रंथ एकच होता. संत पौल यांनी रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला नववा अध्याय दोघंही उघडत. त्यात याकूब आणि त्यांचा जुळा भाऊ एसाव यांचा उल्लेख आहे: दोघं जन्मले नव्हते, चांगलं-वाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच देवाने एकाला निवडलं. पुढे कुंभाराचा दाखला आहे. एकाच मातीतून कुठलं भांडं कशासाठी घडवायचं हा हक्क कुंभाराचा. गोमारस म्हणत, यापेक्षा स्पष्ट काय हवं? आर्मिनियस म्हणत, इथे याकूब आणि एसाव या दोन व्यक्तींचा विषय नाही, ते दोन प्रकारच्या माणसांचे नमुने आहेत. विश्वास ठेवणाऱ्यांना वाचवायचं असं देवाने ठरवलं आहे, आणि कोण विश्वास ठेवील हे त्याला आधीच माहीत आहे. माहीत असणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. वर्गात नापास कोण होणार हे मला ऑक्टोबरातच कळतं, पण म्हणून त्यांना मी नापास केलं असं होत नाही. (कॅल्व्हिनवादी यावर लगेच विचारतील: बाई, ती मुलं तुम्ही निर्माण केलेली नाहीत ना? आणि तो प्रश्न रास्त आहे.)

1608 मध्ये दोघांना हेगमध्ये वरिष्ठ न्यायालयापुढे आपापली बाजू मांडावी लागली. आर्मिनियस यांची मतं घेऊन देवापुढे उभं राहायची आपली हिंमत होणार नाही, असं गोमारस तिथे म्हणाले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1609 मध्ये, आर्मिनियस आजारपणात वारले.

त्यांच्या शिष्यांनी 1610 मध्ये सरकारकडे पाच कलमांचं निवेदन दिलं. म्हणून त्यांचं नाव पडलं रिमॉन्स्ट्रंट, आपण निवेदनवाले म्हणू. पाच कलमांचा गाभा असा: निवड विश्वासावर अवलंबून आहे, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेले, माणूस स्वतःच्या बळावर काहीच चांगलं करू शकत नाही, कृपा हवीच, पण ती कृपा माणूस नाकारू शकतो, आणि एकदा विश्वासात आलेला माणूस पुन्हा घसरू शकतो का, हे अजून नीट अभ्यासायला हवं.

तिसरं कलम पुन्हा वाचा. लोक समजतात की एक बाजू 'सगळं देव करतो' म्हणत होती आणि दुसरी 'सगळं माणूस करतो'. तसं नव्हतं. कृपेशिवाय माणूस उठू शकत नाही हे दोघांनाही कबूल होतं. भांडण एवढ्यावरच होतं की पुढे आलेला हात माणूस झिडकारू शकतो का. झिडकारू शकत असेल तर दोष त्याचा, पण मग शेवटचा निर्णयही त्याच्याच हाती आला. झिडकारू शकत नसेल तर ज्यांना तो हात मिळालाच नाही त्यांचा दोष कुठला? मी दोन्ही बाजू वाचल्या. मला आर्मिनियस जवळचे वाटतात, पण गोमारस यांची भीतीही खोटी वाटत नाही. माझी नजात माझ्या इराद्यावर टेकलेली असेल तर, माझा इरादा रोज फज्रच्या वेळी किती मजबूत असतो, हे मला माहीत आहे.

एवढ्यावर राहिलं असतं तर ते उलेमांचं भांडण झालं असतं. पण त्याच वेळी हॉलंड दुसऱ्या एका प्रश्नावर फुटलेलं होतं. स्पेनशी 1609 मध्ये बारा वर्षांचा तह झाला होता. प्रांतांचे वयोवृद्ध मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट यांनी तो घडवून आणला होता. सेनापती राजपुत्र मॉरिस यांना तो पसंत नव्हता. ओल्डनबार्नेव्हेल्ट निवेदनवाल्यांना सांभाळून घेत होते, म्हणून मॉरिस दुसऱ्या बाजूला गेले. या राजपुत्राला ही पूर्वनिवड निळी की हिरवी हेही ठाऊक नव्हतं, असं त्याच्याबद्दल सांगतात. ऑगस्ट 1618 मध्ये ओल्डनबार्नेव्हेल्ट यांना अटक झाली.

त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला डॉर्ड्रेख्त, म्हणजे डॉर्ट, या शहरात धर्मपरिषद भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनीतल्या काही संस्थानांतून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रोटेस्टंट लोकांना जाऊ दिलं नाही. निवेदनवाल्यांना बोलावणं होतं, पण बरोबरीचे सभासद म्हणून नव्हे. जाब देणारे म्हणून. त्यांचे पुढारी सिमोन एपिस्कोपियस यांना हे मान्य नव्हतं. कामकाज कसं चालवायचं यावरच आठवडे गेले. शेवटी 14 जानेवारी 1619 रोजी अध्यक्ष बोगरमान यांनी रागाने त्यांना सभागृहातून घालवून दिलं. नंतर त्यांच्या पुस्तकांवरून त्यांचा न्याय झाला. पाच कलमांना परिषदेने आपल्या कलमांनी उत्तर दिलं: निवड विनाअट आहे आणि निवडलेल्याला देव शेवटपर्यंत सोडत नाही. सुमारे दोनशे धर्मोपदेशकांची चर्चमधली नोकरी गेली, आणि गप्प राहायला तयार नव्हते त्यांना देशाबाहेर काढलं.

परिषदेने मे महिन्यात निकाल जाहीर केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 13 मे 1619 रोजी, हेगमध्ये 71 वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचं डोकं उडवलं गेलं. आरोप राजद्रोहाचा होता.

त्यांच्याबरोबर पकडलेले ह्यूगो ग्रोशियस, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं ते, त्यांना लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात जन्मठेप झाली. इथे त्यांच्या बायकोची, मारिया यांची हिकमत सांगायलाच हवी. ग्रोशियस यांना वाचायला पुस्तकांची मोठी पेटी येत-जात असे. सुरुवातीला पहारेकरी ती उघडून बघत, नंतर कंटाळले. 22 मार्च 1621 ला मारियांनी नवऱ्यालाच पेटीत बसवलं. एल्शे नावाची तरुण मोलकरीण पेटीबरोबर गेली. शिपायांनी पेटी जड लागते म्हणून कुरकुर केली, पण पेटी गेली. स्वतः मारिया मागे किल्ल्यातच थांबल्या. पुढे त्यांना सोडून दिलं. कैदेत असताना ग्रोशियस यांनी खलाशांसाठी ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेवर एक पद्यग्रंथ लिहिला होता. त्यात इस्लामविरुद्धही एक भाग आहे आणि नंतर त्या ग्रंथाचं अरबी भाषांतरही झालं. म्हणजे हे गृहस्थ आपले पाहुणे नव्हेत, पण त्यांच्या घरच्या बाईला दाद द्यायला काय हरकत आहे!

अशा डच जहाजांची ये-जा आपल्या किनाऱ्यावरही होती. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. हॉलंडच्या ज्या चर्चने डॉर्टचे निर्णय पाळले, त्याच चर्चचे हे व्यापारी.

आपण त्यांना नावं ठेवण्याआधी आपलं घर पाहू. हिजरीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात दमिश्क आणि बसऱ्यात कदरिया आणि जबरिया यांचा झगडा याच प्रश्नावर झाला, आणि माणसाला इख्तियार आहे असं सांगणारे गैलान दमिश्की यांना खलिफा हिशाम यांच्या कारकिर्दीत मृत्युदंड मिळाला. तिथेही बादशाही आणि अकीदा वेगळे करता येत नाहीत. उलट कॅथलिक चर्चमध्ये नेमक्या आर्मिनियस यांच्याच काळात डोमिनिकन आणि जेझुइट पंथांत हाच वाद पेटला होता. रोममध्ये तो जवळजवळ दहा वर्षं चालला आणि 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकालच दिला नाही. दोन्ही मतं चालू राहू द्या, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढं सांगून त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं. मला हा निकाल फार आवडतो. निकालाच्या दिवशी टाळ्या कुणीच वाजवल्या नसतील, पण कुणाचं डोकंही गेलं नाही.

पुढे इंग्लंडात अठराव्या शतकात दोन मित्र याच कारणाने दुरावले. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड ऑक्सफर्डपासूनचे सोबती. दोघंही उघड्या मैदानात हजारोंना उपदेश करत. 1739 मध्ये वेस्लींनी पूर्वनिवडीविरुद्ध प्रवचन देऊन ते छापलं, व्हाइटफील्डनी छापील पत्राने उत्तर दिलं. तरी एक किस्सा सांगतात. कुणीतरी व्हाइटफील्डना विचारलं, वेस्ली आपल्याला जन्नतमध्ये दिसतील का? ते म्हणाले, मला नाही वाटत. ते सिंहासनाच्या इतके जवळ असतील आणि आपण इतके लांब, की आपल्याला दिसणारच नाहीत. 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्यासाठी शोकप्रवचन वेस्लींनीच दिलं. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन स्कॉटलंडच्या कॅल्व्हिनवादी चर्चचे. 1870 नंतर मुंबईत उभी राहिलेली मेथडिस्ट मंडळी वेस्लींच्या परंपरेतली. आपल्या शहरांतली ही चर्चेस रस्त्यावरून एकसारखी दिसतात, पण त्यांच्या मुळाशी हा फरक आहे.

त्याच शतकातले एक कवी होते विल्यम कूपर. व्हाइटफील्डसारखेच कॅल्व्हिनवादी. देव माणसांना निवडतो यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि आपल्याला त्याने टाकून दिलंय यावरही. 1773 मध्ये त्यांना एक स्वप्न पडलं, त्यात 'तुझं सगळं संपलं' अशा अर्थाचे शब्द त्यांनी ऐकले. नंतरची 27 वर्षं ते जगले, सुंदर लिहिलं, शेजारी आणि मित्र जॉन न्यूटन यांच्यासारखे प्रेमळ लोक त्यांना परोपरीने समजावत राहिले. पण ते चर्चमध्ये पुन्हा गेले नाहीत आणि त्याच धास्तीत 1800 साली वारले. त्यांना मनाचा आजार होता, आणि तो या शिकवणीने दिला असं मी म्हणणार नाही. शिकवणीच्या आधीपासूनच तो होता. पण त्या आजाराला बोलायला शब्द मात्र तिथून मिळाले. न्यूटन हेही त्याच मताचे, आणि गुलामांच्या व्यापारात घालवलेली आपली वर्षं देवाने माफ केली या आनंदात ते आयुष्यभर राहिले. शिकवण एकच, एकाला पंख लागले, दुसऱ्याला दगड बांधला गेला.

आता पाळण्याकडे येते, कारण या वादात सगळ्यात नाजूक जागा तीच आहे. तान्हं मूल विश्वास ठेवू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. निवेदनवाल्यांनी विरोधकांवर एक जबरदस्त आरोप केला होता की तुमच्या शिकवणीप्रमाणे कित्येक निरपराध बाळं आईच्या छातीपासून ओढून जहन्नममध्ये टाकली जातात. डॉर्टच्या परिषदेला हा आरोप इतका लागला की तिने आपल्या निर्णयाच्या शेवटी त्याचा नाव घेऊन निषेध केला. आणि पहिल्या प्रकरणाच्या सतराव्या कलमात लिहिलं की धर्मनिष्ठ आईबापांनी बालपणीच गेलेल्या आपल्या मुलांच्या तारणाबद्दल शंका धरू नये. इतकी कठोर परिषद, पण त्या कलमापाशी तिची भाषा मऊ होते.

मग इतरांच्या मुलांचं काय? यावर डॉर्टचं ते कलम काही बोलत नाही. 1647 मध्ये पुरं झालेल्या इंग्रजीतल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात शब्द असे बसवले गेले की बालपणी मरणाऱ्यांपैकी 'निवडलेल्या' बाळांचं तारण होतं. न निवडलेली बाळं असतात का, हे त्यात सांगितलेलं नाही, पण वाचणारी प्रत्येक आई तो एक शब्द बघून थांबत असणार. तो शब्द अडीचशे वर्षं तसाच राहिला. 1903 मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने विश्वासपत्राला एक खुलासा जोडला: बालपणी मरणारी सगळी मुलं निवडलेल्यांतच येतात, बालपणी मेलेलं कुठलंही मूल हरवतं असं आम्ही मानत नाही. वेस्लींचे अनुयायी हे आधीपासूनच म्हणत होते. मोठ्या झालेल्या माणसांबद्दलचा वाद मात्र होता तिथेच राहिला.